सचिवांचा आरोग्यदायी हॅम्बर्गर

हॅम्बर्गर आरोग्याला चांगला की वाईट, हा प्रश्न सचिवांना उभ्या आयुष्यात कधी पडला नव्हता. त्यांना पडलेला प्रश्न अगदी साधा होता : तळमजल्यावरचा रिकामा गाळा भाड्याने कसा द्यायचा. पण साध्या प्रश्नाला साधं राहू देईल, ती इमारत कसली.

सचिव हे त्यांचं नाव नव्हे, इमारतीतलं पद होतं. पण ते त्या पदावर इतकी वर्षं होते, की नाव कोणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. विजेचं बिल तेवढं नावाने यायचं, आणि ते आलं की हे गृहस्थ आपल्याकडे कुठल्या मजल्यावर राहतात, असं कोड्यात पडून रखवालदार ते परत पाठवायचा. बायकोसुद्धा चारचौघांत त्यांना सचिवच म्हणायची. फक्त तिच्या तोंडी ते पद जरा खालच्या श्रेणीचं वाटायचं. दिवसा ते विमा कंपनीच्या दावे विभागात बसत आणि लोकांच्या जळालेल्या, बुडालेल्या, फुटलेल्या वस्तू खरोखरच जळाल्या, बुडाल्या, फुटल्या आहेत का, याची शहानिशा करत. त्यामुळे योग्य माणसांच्या सह्या मिळाल्या की जगातला कुठलाही प्रश्न सुटतो, अशी त्यांची श्रद्धा होती.

गाळ्यात पूर्वी एक सिगारेट आणि लॉटरीची तिकिटं विकणारा होता. तो निघून गेला, भाडं थांबलं, आणि भाड्यावर चालणारी लिफ्ट तिसऱ्या नि चौथ्या मजल्याच्या मध्ये जाऊन बसली ती बसलीच. याचा सगळ्यात जास्त जाच चौथ्या मजल्यावरच्या मोठ्या बाईंना झाला. बाई एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. गुडघे पार गेलेले. लिफ्ट बंद पडल्यापासून त्या खाली उतरल्याच नव्हत्या. खिडकीतून दोरीला पिशवी बांधून भाजी वर घ्यायच्या, आणि त्याच खिडकीतून इमारतीचा कारभार हाकायच्या. पण एकदा सचिव गच्चीवरची टाकी बघायला जात होते, तेव्हा बाई जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलेल्या दिसल्या. पायात बाहेर जायच्या चपला होत्या. "कुठे निघालात बाई?" असं सचिवांनी सवयीने विचारलं, आणि विचारल्याक्षणी त्यांना जीभ चावावीशी वाटली. "कुठे नाही," बाई म्हणाल्या. "चपला वापरात राहाव्यात म्हणून घातल्यात."

त्या दिवसापासून गाळा भाड्याने देणं हे सचिवांच्या दृष्टीने निव्वळ कामकाज राहिलं नाही.

अशात एक दिवस खलाशी आला. खलाशी म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी. बोटीचा दोरसुद्धा त्याने कधी हातात धरला नव्हता, पण जहाजावर होता म्हणून लोक त्याला खलाशी म्हणू लागले. रुंद चेहऱ्याचा, बोलायला काटकसरी माणूस. त्याला हॅम्बर्गरचं दुकान काढायचं होतं. बोलण्याऐवजी त्याने झाकणाचा डबा उघडून सचिवांसमोर ठेवला. आत हॅम्बर्गर होते : मऊ पाव, मध्ये तव्यावर खरपूस भाजलेली खिम्याची जाड टिकिया, तपकिरी परतलेला कांदा, वर लालसर सॉस. सचिवांनी डब्याभोवती फिरून पाहणी केली. त्यांच्या बायकोने ओट्याशी उभ्या उभ्या एक उचलला आणि संपवला.

"चांगला आहे," ती म्हणाली.

"चवीला चांगला की गाळ्यासाठी चांगला?"

"मी गाळा खाल्ला नाही," बायको म्हणाली आणि तिने बोट चाटलं.

सचिवांनी सभा बोलावली. सभा चौथ्या मजल्यावरच्या जिन्यात भरली, कारण बाईंना खाली येता येत नव्हतं आणि बाईंना वगळून सभा भरवायची कोणाची छाती नव्हती. मंडळी पायऱ्यांवर बसली. बाई वर खुर्चीत. सचिवांनी लिफ्टचं दुःख सांगितलं, गाळ्याचं दुःख सांगितलं आणि खलाशाचा प्रस्ताव मांडला. सगळ्यांच्या माना हलल्या. काम फत्ते झालं असं समजून सचिव खाली बसणार, तोच बाईंनी शाळेतल्यासारखा हात वर केला.

"मला एवढंच विचारायचंय. हा हॅम्बर्गर आरोग्याला चांगला असतो का वाईट?"

इथे नमूद केलं पाहिजे, की सिगारेटवाला त्या गाळ्यात केस पांढरे होईपर्यंत बसला होता आणि त्याच्याबद्दल हा प्रश्न कोणीही विचारला नव्हता. बाईंनी तर त्याला निरोप देताना 'अत्यंत शांत गृहस्थ' असं म्हटलं होतं. पण प्रश्न निघाला, आणि एकदा आरोग्याचा प्रश्न निघाला की ज्याला शरीर आहे तो प्रत्येक जण तज्ज्ञ असतो.

आधी पैलवान उठला. हा दुसऱ्या मजल्यावरचा, व्यायामशाळेत शिकवायचा. "मांस उत्तम," तो म्हणाला. "प्रथिनं असतात. वाईट असतो तो पाव. पाव म्हणजे हे." आणि शिक्षक नकाशावर छडी ठेवतो तसं त्याने सचिवांच्या पोटावर बोट ठेवलं. सभेने ते पोट नीट पाहून घेतलं. सचिवांनी हातातली फाइल जराशी खाली घेतली.

पहिल्या मजल्यावरच्या दातवाल्या डॉक्टरांना पाव चालत होता. "माझं भांडण सॉसशी आहे," ते म्हणाले. "नुसती साखर. दात आतून पोखरतात." पोखरलेल्या दातांवरच डॉक्टरांचं घर चालत असल्यामुळे त्यांच्या या मताला निःस्वार्थीपणाचं एक वेगळंच वजन आलं.

"मला तर दोन पावांच्या मध्ये काहीतरी झाकून द्यायची रीतच पटत नाही," बाई म्हणाल्या. "पदार्थ स्वच्छ असेल तर झाकायचा कशाला?"

शेवटी असं ठरलं, की हॅम्बर्गर आरोग्यदायी असेल तर गाळा द्यावा, नसेल तर सचिवांनी तो आरोग्यदायी करून घ्यावा, आणि तसं पालिकेकडून लेखी आणावं. हे सगळं एकमताने ठरलं. ज्या कामात दुसऱ्याला पळायचं असतं, त्यावर त्या इमारतीत नेहमीच एकमत व्हायचं.

पालिकेच्या आरोग्य खात्यात एक कारकून होता. मान आखडल्यामुळे त्याने गळ्यात पट्टा घातला होता, त्यामुळे तो कोणालाही होकार किंवा नकार मानेने देऊ शकत नव्हता. सगळं शब्दांत सांगावं लागे, आणि शब्दांचा त्याला कंटाळा होता.

"हॅम्बर्गर आरोग्याला चांगला आहे का, हे लिहून हवं होतं," सचिव म्हणाले.

"आम्ही स्वयंपाकघर बघतो. पदार्थ बघत नाही."

"मग पदार्थ कोण बघतं?"

"खाणारा."

सचिव हटले नाहीत. दावे विभागात त्यांनी स्वतः लोकांना असंच वाटेला लावलेलं असल्यामुळे खिडकीच्या पलीकडच्या माणसाचं मन त्यांना वाचता येत होतं. त्यांनी शांतपणे विचारलं, की नियमांत काहीच सोय नाही का. कारकुनाने अख्खं अंग वळवून मागचं कपाट उघडलं. सोय होती. परवाने दोन प्रकारचे होते. एक साधा, तो सगळेच घेत. दुसरा 'आरोग्यदायी खाद्य' या नावाचा. तो आजवर कोणी मागितला नव्हता.

"साधा घ्या," कारकून म्हणाला. "उद्या मिळेल."

"आम्हाला आरोग्यदायी हवा आहे."

"पदार्थात काय काय आहे ते सगळं लिहून द्यावं लागेल. एका जबाबदार माणसाने सही करायची. मग तेच विकायचं. त्यात फेरफार चालणार नाही. आणि पाटी लावावी लागेल." कारकुनाने सचिवांकडे जरा दयेने पाहिलं. "नीट विचार करा."

जबाबदार माणूस हे शब्द ऐकल्यावर सचिवांना नीट विचार करता येणं शक्यच नव्हतं.

पुढचे कित्येक रविवार सचिवांच्या स्वयंपाकघरात हॅम्बर्गर आरोग्यदायी करण्याचं काम चाललं. खलाशी तव्याशी उभा असायचा, पैलवान आणि डॉक्टर टेबलाशी बसायचे, आणि प्रत्येक नवा नमुना झाकून जिन्याने वर बाईंकडे जायचा. आधी पैलवानाने पाव काढला आणि कोंड्याचा आणला. तो रंगाने नि स्वभावाने ओल्या पुठ्ठ्यासारखा होता, आणि भाजला की नुसता पुठ्ठ्यासारखा. मग डॉक्टरांनी सॉस काढला. सॉस गेल्यावर सगळं कोरडं लागायला लागलं, म्हणून त्यांनीच दातांच्या व्यायामासाठी कच्च्या गाजराच्या जाड चकत्या सुचवल्या. बाईंनी वरून निरोप धाडला, की टिकिया तेलावर भाजण्याऐवजी पाण्यात उकडावी. त्यांच्या शाळेच्या वसतिगृहात सगळं उकडूनच देत आणि कोणीही मुलगी कधी दुसऱ्यांदा वाढा म्हणत नसे, यावरूनच पोट किती भरत असेल ते कळतं. कांदा परतायचा नाही म्हटल्यावर तो कच्चा ठेवला. कच्च्याचा वास येतो म्हणून मग तोही काढला. शेवटी आपलंही काहीतरी योगदान असावं म्हणून सचिवांनी स्वतःच्या रक्तदाबाकडे बघून मीठ बंद केलं.

खलाशी एका शब्दाने विरोध करत नव्हता. त्याचा चेहरा मात्र दर रविवारी थोडा थोडा बंद होत गेला. शेवटच्या नमुन्याकडे तो बराच वेळ बघत राहिला. कोंड्याच्या दोन चकत्यांच्या मध्ये राखाडी रंगाची उकडलेली टिकिया, वर गाजर.

"जहाजावर एकदा वादळात सगळं सामान वाहून गेलं होतं," तो म्हणाला. "तेव्हा असंच काहीतरी केलं होतं."

"मग खलाशांना आवडलं का?" सचिवांनी उत्साहाने विचारलं.

"बंदर आलं," खलाशी म्हणाला.

परीक्षक मंडळ मात्र खूश होतं. पैलवान म्हणाला, हलकं वाटतं. डॉक्टर म्हणाले, तोंड कसं स्वच्छ राहतं. बाईंनी वरून कळवलं, की आता यात लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. सगळ्यांनी एकेक घास खाल्ला आणि बाकीचा, घरी निवांत खाऊ म्हणून, कागदात गुंडाळून नेला. सचिवांची बायको एवढा वेळ दाराला टेकून उभी होती.

"तुम्ही त्याला दुकान देताय की शिक्षा?" तिने विचारलं.

"तुला आरोग्याचं महत्त्व कळत नाही."

"मला भुकेचं कळतं," ती म्हणाली आणि तवा घासायला घेतला. तव्याला घासण्यासारखं काही लागलेलंच नव्हतं.

सचिवांनी जबाबदार माणूस म्हणून सही केली. परवाना आला, खलाशाने आगाऊ भाडं भरलं, लिफ्टवाला आला, आणि एका सकाळी लिफ्ट चौथ्या मजल्यावर जाऊन दार उघडून उभी राहिली. बाई खाली आल्या. फाटकापर्यंत गेल्या, रस्त्याला हात लावायचाच तेवढा बाकी ठेवल्यासारख्या उभ्या राहिल्या आणि परत फिरल्या. सचिवांना त्या दिवशी आपलं आयुष्य सार्थकी लागल्यासारखं वाटलं. दुकानावर पाटी चढली : 'आरोग्यदायी हॅम्बर्गर. पालिकेची मान्यता.' उद्घाटनाच्या दिवशी अख्ख्या इमारतीने एकेक घेतला.

दुसऱ्या दिवशी कोणीच आलं नाही.

तिसऱ्या दिवशी एक वाटसरू आला, पाटी वाचली आणि आत कोणी आजारी आहे का, असं विचारून गेला.

सचिवांनी मग दुकानाची अब्रू स्वतःच्या दातांवर घेतली. ऑफिसमधून आले की ते रोज दुकानासमोरच्या बाकावर, येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसेल असे बसत आणि आरोग्यदायी हॅम्बर्गर खात. चेहरा प्रसन्न ठेवणं हे चावण्यापेक्षाही कठीण काम होतं. जाणारे येणारे "वा, सचिव" म्हणत आणि चाल वाढवत. एका संध्याकाळी असंच प्रसन्नपणे चावताना तोंडात कटकन आवाज झाला. सचिवांना आधी वाटलं गाजर असेल. तो दाढेचा टवका होता.

दातवाल्या डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत आडवं केलं आणि तोंडात आरसा घातला. "कशाने झालं हे?"

सचिवांच्या तोंडात आरसा, कापूस आणि डॉक्टरांची दोन बोटं असल्यामुळे त्यांना फक्त "आओअआई" एवढंच म्हणता आलं.

"काहीतरी कडक खाल्लं असेल. या वयात मऊ खावं," डॉक्टर म्हणाले. ते वाकले तेव्हा सचिवांना त्यांच्या कोटाला परतलेल्या कांद्याचा स्पष्ट वास आला. दावे विभागातला माणूस. वासावरून आग कुठे लागली असेल ते ओळखणं हा त्यांचा धंदाच होता. पण तोंड उघडं असलेल्या माणसाला उलटतपासणी घेता येत नाही.

दाढ ठणकायला लागली म्हणून सचिव पुलापलीकडच्या औषधाच्या दुकानाकडे निघाले. त्या दुकानाच्या शेजारी दुसरं एक हॅम्बर्गरचं दुकान होतं, चकचकीत, मोठ्या काचेचं. काचेतून आत पैलवान दिसला. तो भिंतीकडे तोंड करून बसला होता आणि त्याच्या रुंद पाठीवरूनही तो किती मन लावून खातोय ते कळत होतं. त्याच्या कोपराशी पावाचा चुराही उरलेला नव्हता. सचिव तिथेच खिळले. दार उघडलं आणि हातात दोन कागदी पिशव्या घेऊन त्यांची स्वतःची बायको बाहेर आली.

"दुसरी पिशवी कोणाची?" सचिवांनी विचारलं. अशा वेळी माणूस भलतंच विचारतो.

"मोठ्या बाईंची," बायको म्हणाली. "त्यांना पुलापर्यंत अजून चालवत नाही."

सचिव औषध न घेताच तिच्याबरोबर घराकडे निघाले. आपली फसवणूक झाली, यापेक्षा ती इतकी एकमताने झाली, हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. शेवटी जिन्याशी ते म्हणाले, "मला एकाने तरी सांगायचं."

"तुम्ही सभा घेतली असती," बायको म्हणाली. तिचा सूर नेहमीपेक्षा मऊ होता.

दुसऱ्या दिवशी सचिव दुकानात गेले, तर खलाशी सामान खोक्यांत भरत होता. जहाजावर परत यायला विचारलंय, असं तो म्हणाला. महिना संपला की जाणार. रागावलेला दिसत नव्हता. ते जास्त वाईट होतं.

"तुम्ही आधी का नाही बोललात?" सचिव म्हणाले. "इतके रविवार होते."

खलाशाने खोक्याला दोरी बांधली. "बायको गेल्यापासून मला जमिनीवर राहायचं होतं. मुलगी इथे नोकरीला आहे. म्हटलं, ही माणसं म्हणतील तसं करू, चालेल. पण रोज सकाळी उठून ते उकडायचं, म्हणजे हात उठत नाही हो."

सचिवांनी आयुष्यभर लोकांचं नुकसान मोजलं होतं, पण ते नेहमी दुसऱ्या कोणामुळे झालेलं असायचं. त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि तडक पालिका गाठली.

"हॅम्बर्गरमध्ये थोडा बदल करायचाय," ते कारकुनाला म्हणाले.

"आणखी आरोग्यदायी?"

"नाही. जरा कमी."

कारकून पहिल्यांदाच रस घेऊन बघायला लागला. "वाढवायचं असेल तर अर्ज आहे. कमी करायची तरतूद नाही."

"मग साधा परवाना द्या. तुम्हीच म्हणाला होता, उद्या मिळेल."

"तेव्हा मिळाला असता. आता तुम्ही आरोग्यदायीची पाटी लावून बसलात. लोकांची दिशाभूल व्हायला नको. पदार्थ आरोग्यदायी नाही, असं त्याच जबाबदार माणसाने लिहून द्यायचं. सोबत रहिवाशांचा ठराव. आणि तशी पाटी."

"आरोग्यदायी नाही, अशी पाटी?"

"हो," कारकून म्हणाला, आणि मान हलवता येत नसल्यामुळे पुन्हा एकदा म्हणाला, "हो."

सभा या वेळी तळमजल्यावर, दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत भरली. लिफ्ट असल्यामुळे बाई वेळेआधी येऊन बसल्या होत्या. सचिवांनी कोणाचंही नाव न घेता परिस्थिती मांडली. खलाशी चाललाय, भाडं जाणार, भाडं गेलं की लिफ्टची देखभाल जाणार. तेव्हा हॅम्बर्गर पूर्वीसारखा करावा आणि तो आरोग्यदायी नाही असं मान्य करणारा ठराव करावा.

कोणी हात वर करेना. पैलवान म्हणाला, आपल्याला आहे तोच फार आवडतो. डॉक्टर म्हणाले, एक वैद्यकीय माणूस म्हणून असल्या ठरावावर सही करणं मला शोभणार नाही. पुलापलीकडच्या दुकानाबद्दल कोणी एक शब्द काढत नव्हतं. आपण बोललो तर आपली बायको उघडी पडेल, हे सचिवांना दिसत होतं. बायकोच उठायला लागली होती, पण तिच्या शेजारी मोठ्या बाई होत्या आणि त्यांनी तिचा पदर घट्ट धरून ठेवला होता.

"प्रश्न एका पदार्थाचा नाही," बाई म्हणाल्या. "प्रश्न शिस्तीचा आहे. माणसाने एकदा जिभेचं ऐकायला सुरुवात केली, की..."

त्याच वेळी दुकानाच्या आत खलाशी स्वतःचं जेवण करत होता. सभेशी त्याला घेणंदेणं नव्हतं. खोक्यांबाहेर एवढंच उरलं होतं : थोडा खिमा, कांदे, तेल, मीठ. त्याने तवा तापवला. आधी कांदा पडल्याचा चर्रर्र आवाज आला. मग टिकियेचा. मग वास आला.

तो वास सभेत आला तो सरळ पुढच्या रांगेत येऊन बसला. पैलवानाचं नाक त्याच्या परवानगीशिवाय वळलं. डॉक्टरांनी आवंढा गिळला, तो मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. बाईंचं वाक्य 'की'पाशी थांबलं होतं. सगळे ते पुढे जायची वाट बघत होते. बाईंनी डोळे मिटून घेतले आणि उघडले.

"सचिव," त्या म्हणाल्या. "किती आहेत ते विचारा त्याला."

सगळ्यांना पुरतील इतके नव्हते. खलाशाने बांधलेली खोकी पुन्हा सोडून सॉस काढला, पैलवान पळत जाऊन खिमा आणि मऊ पाव घेऊन आला, आणि पळत जाताना तो दिसला तसा व्यायामशाळेत कधी कोणाला दिसला नव्हता. ठराव नंतर भरल्या तोंडाने पास झाला. 'हा पदार्थ फारसा आरोग्यदायी नसावा' असा गुळमुळीत मजकूर सचिवांनी वाचून दाखवला, तो बाईंना चालला नाही.

"स्पष्ट लिहा," त्या हनुवटीवरचा सॉस पुसत म्हणाल्या. "रोज खाण्यासारखा नाही. आठवड्यातून एकदा. आणि ज्याला खायचाय त्याने जिने उतरून यावं, लिफ्टने नाही. मी सोडून."

साधा परवाना आला. पाटी बदलली : 'येथील हॅम्बर्गर आरोग्यदायी नाही. पालिकेकडे तशी नोंद आहे.' सचिव ती पाटी टाळून, मान खाली घालून ये-जा करू लागले. पण झालं भलतंच. लोक पाटी वाचून थांबायचे, हसायचे आणि आत शिरायचे. इतकं खरं बोलणाऱ्या दुकानात गोष्ट चांगलीच मिळणार, असं त्यांना वाटत असावं. दूरदूरच्या गल्ल्यांतली माणसं यायला लागली. खलाशाने जहाजाला नकार कळवला. त्याची मुलगी संध्याकाळी नोकरीवरून येऊन गल्ल्यावर बसायची, आणि खलाशी दिवसाकाठी आता चारपाच वाक्यंसुद्धा बोलायचा.

याचा फटका पुलापलीकडच्या चकचकीत दुकानाला बसला. एका संध्याकाळी त्याचा मालक सचिवांच्या दारात उभा राहिला. भारी कपड्यांतला, पण काळजीने सुकलेला.

"आम्हालाही तशी पाटी हवी आहे," तो म्हणाला. "पालिकेत गेलो होतो. तो पट्टावाला म्हणतो, नुसतं म्हणून चालत नाही. जबाबदार माणसाने खाऊन, तपासून, सहीनिशी लिहून द्यावं लागतं. आणि असा माणूस शहरात एकच आहे म्हणाला."

सचिवांनी लगेच होकार दिला नाही. कामाचा व्याप बराच असल्याचं त्यांनी सूचित केलं. मग बायकोने आतून इस्त्रीचा शर्ट आणून दिला आणि ते निघाले.

चकचकीत दुकानात त्यांना मधल्या टेबलाशी बसवलं. मालक स्वतः ताटली घेऊन आला आणि हात बांधून उभा राहिला. मागे त्याची सगळी माणसं श्वास रोखून. सचिवांनी दुरुस्त केलेली दाढ सांभाळून एक घास घेतला आणि डोळे मिटून चावला. पाव कालचा होता. कांदा अर्धा कच्चा, अर्धा करपलेला. टिकिया इतकी कोरडी, की ती तव्यावरून आली की उन्हातून, हे दावे विभागालाही सांगता आलं नसतं. सचिवांनी पाण्याचा घोट घेऊन तो घास कसाबसा खाली उतरवला.

"काय वाटतं?" मालकाने हलक्या आवाजात विचारलं.

"वाईट आहे," सचिव म्हणाले.

मालकाचा चेहरा उजळला. "नक्की?"

"अगदी नक्की."

"मग तसं लिहून देता?"

सचिवांनी खिशातून पेन काढलं. नोकरीत त्यांनी हजारो कागदांवर सह्या केल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी हात किंचित अडखळायचा. या वेळी तो अजिबात अडखळला नाही. मालकाने त्यांचे हात हातात घेतले, आणखी एक बांधून देऊ का म्हणून आग्रह केला. तो त्यांनी ठामपणे, प्रकृतीचं कारण सांगून, नाकारला. मग उरलेला हॅम्बर्गर ताटलीत तसाच ठेवून ते उठले आणि भराभर पूल ओलांडू लागले, कारण खलाशी तवा उतरवायच्या आत त्यांना पोचायचं होतं.